कापडी सोफ्याची निगा : पाणी कमी, ऊन जास्त, फवारणी नाही

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कोणी चुलीपाशी बसून ऐकत असाल, कोणी गटाच्या बैठकीत मोबाइल मध्ये ठेवून ऐकत असाल. आज मी सोफ्यावर बोलणार आहे म्हटल्यावर आमच्या गटातली एक मावशी हसली. म्हणाली, "बाई, आपल्या पहाडावर प्यायला पाणी नाही आणि तू सोफा धुवायचं सांगतेस?" मी म्हटलं, मावशी, म्हणूनच सांगते. पाणी नसताना काय करायचं, तेच सांगायचं आहे.

आणि सोफा आता कुठे नाही? लेकीच्या आंदणात भांडी, कपाट, दिवाण यायचा, आता त्यात सोफासेट आला. घरकुलात पुढची खोली पक्की झाली की पहिली इच्छा सोफ्याची. तांड्यावर पाहिला, गुड्यावर पाहिला. कापसाचे पैसे आले की गडचांदूरहून, राजुऱ्याहून टेम्पोत सोफा चढतो आणि घाटातून वर येतो. कोणी नवा आणतं, कोणी जुना. आमच्या घरी जुना आला. त्याचीच गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी सांगते ते कळेल.

माझ्या सासूबाई १९७२ च्या दुष्काळात लहान असताना नांदेडकडून आईबापांबरोबर इकडे आल्या. घर म्हणजे कुडाचं, बसायला बाज, अंथरायला वाकळ. त्यांना सोफा नकोच होता. पण जावेच्या बहिणीला पाहायला पाहुणे आमच्याच घरी यायचे होते. खाली एका वसाहतीतल्या साहेबांची बदली झाली होती, ते सामान विकत होते. तीन जणांचा एक आणि एकेकट्याच्या दोन खुर्च्या, मिळून साडेतीन हजार. करड्या रंगाचं कापड, कडेनं गोल दोरीसारखी शिवण. आम्ही दोघी जावांनी तो दारात उतरवून घेतला तेव्हा अर्धी वस्ती पाहायला आली. पाहुणे आले, बसले, पसंती झाली. सगळं चांगलं झालं.

महिनाभरानं लेकरांच्या अंगावर गांध्या उठायला लागल्या. हातावर, मानेवर, तीन-चार एका ओळीत. आम्हाला वाटलं डास. मग वाटलं अळई. मग जाऊ मला म्हणाली, तुझ्या साबणानं होतंय. मी म्हटलं, तुझ्या कोंबड्यांच्या पिसवा असतील. दोघींचं आठ दिवस बोलणं बंद. शेवटी सासूबाईंनीच शोधलं. रात्री उठल्या, बॅटरी घेतली, सोफ्याच्या त्या गोल शिवणीत नख घातलं आणि आम्हाला हाक मारली. मसुरीच्या डाळीएवढे, चपटे, तांबूस. ढेकूण. शिवणीभर काळे काळे ठिपके, जशी शाई टिपावी.

सासूबाई म्हणाल्या ते माझ्या डोक्यात राहिलं. म्हणाल्या, "बाजेला आत काही नव्हतं." खरं आहे. बाज म्हणजे चार ठावे, चार गाते आणि सुतळी. ढेकूण झाले की अंगणात काढायची, सांध्यात उकळतं पाणी ओतायचं, दोन दिवस उन्हात उलटी टाकायची, झालं. कापसाची गादी असली तर वर्षा-दोन वर्षांनी पिंजारी यायचा, गादी उसवायची, कापूस पिंजायचा, ऊन द्यायचं, खोळ धुवायची. आपल्या जुन्या बसायच्या-निजायच्या सगळ्या वस्तू उघडता येत होत्या. सोफ्याला पोट आहे आणि ते शिवून टाकलेलं आहे. आत लाकडाची चौकट, तिच्यावर स्प्रिंगा किंवा पट्ट्या, वर फोम, कुठे काथ्या, मग अस्तर, मग कापड. खालच्या बाजूनं काळं पातळ कापड खिळ्यांनी मारलेलं. धूळ आत जाते, ओल आत जाते, लेकराची शू आत जाते, ढेकूण आत जातो, आणि वरून सोफा छान दिसतो.

आता पुढचं सांगते. हे सांगायला मला जड जातं.

कापसाची फवारणी चालू होती. घरात औषध होतं. आमचे हे म्हणाले, मावा मरतो तर ढेकूण का मरणार नाही? मलाही पटलं. झाकणानं औषध मोजून मीच दिलं. पंपानं सोफा चांगला ओला केला, खोली बंद केली, संध्याकाळी उघडली. वास होता, पण पंखा लावला तसा कमी वाटला. जावेचा धाकटा, तेव्हा चार वर्षांचा, खेळून दमून सोफ्यावर झोपला. गाल कापडावर टेकलेला. तासाभरानं उठला तो तोंडातून लाळ गळत होती. घाम फुटला, उलटी झाली, पोट धरून रडायला लागला. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. १०८ ला फोन लावला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, औषध कोणतं? आमच्याकडे उत्तर नव्हतं. बाटली यांनी शेतात नाल्याकडे फेकली होती. दीर मोटारसायकलनं परत गेले, बॅटरीच्या उजेडात बाटली शोधून आणली. पोरगं वाचलं. आता शाळेत जातं. पण त्या रात्री जाऊ माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि मी तिला काय सांगणार होते?

तुम्हाला आठवत असेल, २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. ते उघड्या शेतात झालं, वारा वाहत असताना. तेच औषध आपण बंद खोलीत, जिथे लेकरू गाल टेकून झोपतं तिथे मारतो. शेतात ते पानावर पडतं, ऊन-पाऊस त्याला कमी करतात. फोममध्ये ते शिरून बसतं. औषधाच्या डब्यावर तिरपा चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्याचा रंग पाहा. लाल म्हणजे सगळ्यात जहरी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण हिरवा आहे म्हणून घरात मारायचं, असंही नाही. शेताचं औषध शेतातच. धान्यात टाकायच्या गोळ्या तर सोफ्याखाली, खाटेखाली कधीच ठेवू नका. हवेतल्या ओलीनं त्यांच्यातून विषारी वायू निघतो, आणि बंद खोलीत झोपलेलं माणूस सकाळी उठत नाही.

आणि कधी चूक झालीच तर माणसाला आधी उघड्या हवेत आणा, अंगावरचे कपडे काढा, साबण-पाण्यानं अंग धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा बरोबर घ्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. लाज वाटून "काय झालं माहीत नाही" म्हणू नका. आम्ही ते पहिल्यांदा म्हटलं होतं.

मग ढेकूण गेले कसे? गेले, पण वेळ लागला. तो फवारलेला सोफा आम्ही गोठ्यामागच्या पडवीत टाकला. त्याच्या गाद्यांमधला फोम आणि सगळं कापड काढून टाकलं, चौकट तेवढी ठेवली. पण तोवर ढेकूण घरात पसरले होते. जावेच्या दिवाणावर, उशांत, आणि शेजारच्या वहिनींच्या नव्या सोफ्यातही. ते उडत नाहीत, उड्या मारत नाहीत, चालतात. आणि पिशवीतून, गोधडीतून, बॅगेतून फिरतात. लग्नाला गेलो की आपण त्यांना घेऊन जातो, नाहीतर घेऊन येतो. यात घाणेरडं घर, स्वच्छ घर असा भेद नाही, हे मी ठासून सांगते. साहेबांच्या वसाहतीतून आलेले ढेकूण होते ते. त्यांच्यापासून रोग पसरतो असं डॉक्टर म्हणत नाहीत, पण खाज आणि रात्रीची झोपमोड काय असते ते ज्यांनी भोगलं त्यांना विचारा.

ढेकणाचा खरा शत्रू गरमी. पन्नास अंशांच्या वर तो आणि त्याची अंडी टिकत नाहीत. आपला चंद्रपूर जिल्हा मे महिन्यात ४६-४७ अंशांपर्यंत तापतो. पहाडावर थोडं कमी, पण टिनावर हात ठेवून पाहा. वहिनींच्या सोफ्याच्या सुट्या गाद्या आम्ही एकेक करून काळ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधल्या आणि सकाळी अकरा ते चार उन्हात टाकल्या, मध्ये एकदा पालटल्या. काळं प्लॅस्टिक ऊन ओढून घेतं, आत बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. जाड फोमच्या मध्यापर्यंत ती गरमी पोचत नाही, पण ढेकूण जास्त करून शिवणीत, घडीत, कडेलाच राहतो. खोळी निघत होत्या त्या हात पोळेल अशा गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवल्या. जे कापड चौकटीला खिळलेलं होतं तिथे ओलं सुती फडकं शिवणीवर ठेवून वरून गरम इस्त्री हळूहळू फिरवली. आतून वाफ जाते, ती ढेकणाला पोचते. कापड पॉलिएस्टरचं असेल तर इस्त्री मध्यमच ठेवा, नाहीतर चिकटेल. खालचं काळं कापड एका बाजूनं उकलून लाकडाच्या सांध्यांत उकळतं पाणी थोडं थोडं सोडलं, सोफा उलटा करून, फोमला लागू न देता.

एकदा करून भागत नाही, हे महत्त्वाचं. अंडी राहतात, आठ-पंधरा दिवसांत फुटतात, तिळाएवढी पिल्लं निघतात. म्हणून आम्ही दर आठ दिवसांनी, सलग पाच आठवडे केलं. मधल्या दिवसांत सोफा भिंतीपासून दूर ठेवला, चादर जमिनीला टेकू दिली नाही, आणि प्रत्येक पायाखाली प्लॅस्टिकची वाटी, वाटीत चपटा दगड, दगडावर पाय, वाटीत साबणाचं पाणी. येणारा-जाणारा त्यातच पडतो. सोफा महिनाभर वापरला नाही म्हणून उपाशी मरतील, असं समजू नका. ते महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतात. निंबाच्या पाल्यानं पळतात असंही सांगतात. आमच्याकडे पळाले नाहीत. पाला ठेवायला हरकत नाही, भरवसा ठेवू नका.

म्हणून जुना सोफा घेताना भाव नंतर करा, आधी तो उलटा करायला लावा. विकणारा कुरकुर करेल, करू द्या. खालचं काळं कापड फाटलेलं आहे का, उंदराचं घर आहे का, लाकडाच्या सांध्यात काळे ठिपके आहेत का, शिवणीत नख घालून पाहा. पायाला वाळवीची मातीची रेघ आहे का. मग नाक लावा. कुबट वास असला तर फोम कधीतरी भिजून आतच सुकलेला आहे, तो वास जात नाही. आणि घरात नेण्याआधी दोन दिवस अंगणात ठेवा.

बरं, आता रोजची निगा. ढेकणापेक्षा रोज सोफा खाते ती धूळ. वाळूसारखी बारीक धूळ कापडाच्या धाग्यात बसते आणि आपण बसलो-उठलो की ती धागा घासते. म्हणून सोफा बसून बसून विरतो असं वाटतं, खरं म्हणजे धुळीनं विरतो. आठवड्यातून एकदा सुट्या गाद्या अंगणात नेऊन काठीनं झटका. काठी जोरात नको, चपट्या फळीनं किंवा हातानं थापटा. उरलेल्या सोफ्यावर थोडं ओलसर, पिळून काढलेलं जुनं लुगडं पसरा आणि त्यावरून हलक्या हातानं थापटा. धूळ उडून पुन्हा खोलीत बसण्याऐवजी लुगड्याला चिकटते. ही युक्ती मला आमच्या गटातल्या एका कोलाम बाईनं सांगितली, तिच्याकडे सोफा नाही, ती घोंगडी अशी झटकते. कोपऱ्यात, शिवणीत जुना दात घासायचा ब्रश चालतो. गाद्या परत ठेवताना डावीकडची उजवीकडे, वरची बाजू खाली. घरच्या कर्त्याची एक ठरलेली जागा असते, तिथेच खड्डा पडतो. जागा बदलता येत नाही, गादी बदला.

ज्यांच्या घरी चूल आत आहे त्यांनी सोफा चुलीच्या दारासमोर ठेवू नये. धुराची काजळी तेलकट असते. तिला ओलं फडकं लावलं की ती कापडात फासली जाते आणि कायमची बसते. काजळी आधी कोरडीच झटकायची, मग टाल्कम पावडर टाकून अर्ध्या तासानं ब्रशनं काढायची, मग पाण्याचं नाव.

आणि सारवण. बऱ्याच घरांत जमीन अजून शेणामातीचीच आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण सारवताना सोफा न हलवता त्याच्या पायांभोवती हात फिरवतो, तिथून लाकूड ओल पितं आणि वाळवीला रस्ता मिळतो. प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवा. सारवायच्या दिवशी दोघींनी धरून सोफा पूर्ण बाहेर काढा. पावसाळ्यात तर महिन्यातून दोनदा. खाली विंचू असतो, कधी साप असतो, म्हणून हात घालायच्या आधी काठी घाला. भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा, म्हणजे भिंतीची ओल कापडाला लागणार नाही.

धुवायच्या आधी कापड ओळखायला पाहिजे. दुकानातल्या चांगल्या सोफ्याला गादीखाली चिठ्ठी शिवलेली असते. त्यावर इंग्रजी अक्षर असतं. डब्ल्यू असेल तर पाण्यानं पुसता येतं, नुसतं एस असेल तर पाणी लावायचं नाही, एक्स असेल तर फक्त ब्रश आणि झटकणं. शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. चिठ्ठी नसेल, सुतारानं बनवलेला असेल, तर खालच्या बाजूचा एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि अंगणात जाऊन काडी लावा. कापसाचा धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर निघतो, गोळी होते आणि ती कडक राहते. आपण कापूस पिकवणाऱ्या बाया, आपल्याला हे सांगायला नको. कापसाचं कापड असेल तर ते आटेल आणि रंग सोडेल. म्हणून कोणतंही पाणी, कोणताही साबण आधी मागच्या कोपऱ्यात लावून वाळवून पाहायचा.

डागांचं एकच सूत्र आहे : घासायचं नाही, टिपायचं. चहा सांडला की आपला हात आपोआप गोल गोल घासायला लागतो. त्यानं डाग पसरतो आणि आत उतरतो. सुती फडकं दाबून धरा, उचला, कोरडी बाजू घ्या, पुन्हा दाबा, डागाच्या कडेकडून मध्याकडे. चिखलाचं मात्र उलट. चिखल ओला असताना हात लावू नका. वाळू द्या, ब्रशनं झटका, नव्वद टक्के तसाच जातो.

लेकरानं शू केली तर आधी फडकी दाबून जेवढी निघेल तेवढी काढा, अंगाचा भार देऊन दाबा. मग दोन वाट्या पाण्यात एक वाटी व्हिनेगर, नसेल तर लिंबाचा रस, त्यानं टिपा. पुन्हा कोरडं. मग खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी झटका. गरम पाणी नको, त्यानं वास पक्का होतो. आणि ग्रामपंचायतीची विहिरीत टाकायची ती टीसीएल पावडर कोणी वापरत असेल तर थांबा. शूवर, लिंबावर, व्हिनेगरवर ती पडली की छातीत जळजळ करणारा विषारी वायू होतो. कापड पांढरं पडतं ते वेगळंच.

रक्ताच्या डागालाही थंड पाणीच. पाळीचा डाग सोफ्याला लागला म्हणून आमच्या शेजारची पोर दोन तास तिथून उठली नाही, पाहुणे जाईपर्यंत. थंड पाण्यात चिमूटभर मीठ घालून टिपायचं, लगेच केलं तर खूणही राहत नाही. पोरींना हे सांगून ठेवा. दोन तास बसून राहण्यासारखं त्यात काही नाही.

हळदीला साबण लावला की ती लाल होते आणि आपण घाबरतो. तो साबणाचा खार आणि हळद यांचा खेळ आहे. पाण्यानं धुतली की परत पिवळी होते. हळदीचा शेवटचा पिवळेपणा काढणारं एकच औषध, ते म्हणजे ऊन. ओलसर करून उन्हात ठेवा, दोन-तीन दिवसांत फिकी पडते. तेलाला, म्हणजे डोक्याच्या तेलानं सोफ्याची पाठ काळी होते त्याला, टाल्कम पावडर किंवा कुटलेला खडू. पीठ वापरू नका. पिठाचा कण राहिला की मुंग्या, मुंग्यांनंतर उंदीर. सगळ्यात सोपं म्हणजे पाठीवर एक फडकं टाकायचं आणि ते दर आठवड्याला धुवायचं.

आणि खर्रा! चंद्रपूर-गडचिरोलीच्या सोफ्याचं दुखणं दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातल्या सोफ्याला नसेल. खर्ऱ्याची पन्नी गादीच्या फटीत खोचलेली, हात सोफ्याला पुसलेले, आणि हसताना उडालेला थेंब. सुपारीचा डाग वाळला की जवळजवळ कायमचा. ओला असतानाच थंड पाणी आणि लिंबू, टिपून टिपून. मी आमच्या घरी सांगून टाकलं आहे, खर्रा खाणाऱ्यानं ओसरीवरच्या बाजेवर बसायचं, मग तो जावई असो. त्या दिवसापासून आमच्या यांना बाज आवडायला लागली.

आता पूर्ण धुणं. वर्षातून एकदा पुरे, आणि दिवस निवडून. दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या गडबडीत जमेल तेव्हा, नाहीतर होळीच्या आधी. हवा कोरडी असते. पावसाळ्यात चुकूनही नाही. फोम स्पंजासारखा पाणी पितो आणि चार दिवस सोडत नाही. मग आत बुरशी, आणि तो वास. सोफ्यावर बादली ओतलेली मी पाहिली आहे, पुढे तो सोफा फेकावा लागला.

आपल्याला पाणी लागतं अर्धी बादली, खरंच तेवढंच. एक लिटर पाण्यात एक चमचा सौम्य साबणाची पावडर, किंवा रानातल्या रिठ्याचं पाणी. फिकट कापडावर मात्र रिठा नको, तो तांबूस झाक सोडतो. हातानं खूप फेस काढा. वापरायचा तो फेस, पाणी नाही. स्पंजावर फेस घ्या, एका वेळी हातभर जागा पुसा, लगेच साध्या पाण्यातलं घट्ट पिळलेलं फडकं फिरवा, लगेच कोरडं फडकं. साबण राहिला तर धूळ दुप्पट चिकटते. मखमलीसारखं कापड असेल तर लव ज्या दिशेला झोपते त्याच दिशेनं हात. सकाळी लवकर सुरू करा, म्हणजे संध्याकाळपर्यंत वाळेल. गाद्या उभ्या ठेवा, वाऱ्यात, सावलीत. खोळ काढलेला उघडा फोम कडक उन्हात ठेवू नका, तो पिवळा पडतो आणि पुढे हातात चुरा येतो. खोळ वाळवताना उलटी करून वाळवा, रंग टिकतो.

पावसाळ्यात बुरशीचे पांढरे-हिरवे ठिपके आले तर सोफा ओसरीवर आणा, नाकाला पदर बांधा आणि कोरड्या ब्रशनं बाहेरच झटका. घरात झटकलं तर ती सगळी आपल्या आणि लेकरांच्या छातीत जाते. दम्याचं माणूस घरात असेल तर त्याला त्या दिवशी लांब ठेवा. मग पाऊस उघडेल त्या दिवशी ऊन.

शेवटचं, खोळीचं. सोफ्याचं पोट शिवलेलं आहे हाच त्रास आहे, तर ते उघडं करून घ्या. आमच्या त्या जुन्या सोफ्याची चौकट घासून, उन्हात तापवून, पॉलिश करून घरात परत आणली. फोम नवा घेतला. पण कापड खिळलं नाही. गाद्यांना लांब चेन लावून खोळी शिवल्या, दोन जोड. एक अंगावर, एक धुण्यात. सुती कापड घेतलं तर कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून घ्या. न धुतलेलं कापड मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आटतं, आणि मग चेन लागत नाही, गादी पोट फुगल्यासारखी दिसते. हे मी एकदा केलं आहे, म्हणून माप पाठ आहे. चेन मागच्या बाजूला आणि बाजूच्या शिवणीतही थोडी वळवायची, म्हणजे फोम आत घालताना शिवण फाटत नाही. ती गोल दोरीची शिवण मात्र आम्ही मुद्दाम घातली नाही. दिसते छान, पण तिथेच ते लपतात. साधी, सपाट शिवण.

आमच्या गटात शिलाई मशीन असलेल्या तिघी आहेत. गेल्या उन्हाळ्यात चार घरांच्या खोळी आम्ही शिवल्या. कापड ज्याचं त्याचं, शिलाई आमची. पहिल्या घरी माप चुकलं, ते परत शिवून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. तुमच्या गटाला शिकायचं असेल तर बैठकीला निरोप पाठवा. येताना तुमच्या गादीची लांबी, रुंदी आणि जाडी, तिन्ही मापं टेपानं घेऊन या, वितीनं नको. आणि तुमच्या सोफ्याच्या खालच्या बाजूचा एक धागा कागदात गुंडाळून आणा, आपण तिथेच काडी लावून पाहू.

जावेचा तो धाकटा आता त्याच चौकटीवर बसून अभ्यास करतो. परवा शाईचं पेन फुटलं. मला हाक मारायच्या आधी त्यानं फडकं आणून दाबून धरलं होतं. दवाखान्यातून इंजेक्शन देताना लावतात ते स्पिरिट थोडं कापसावर घेऊन आम्ही दोघांनी टिपलं. शाई गेली. कडेला फिकट निळी कड राहिली आहे, ती पुढच्या धुण्यात पाहू.